लोटन आबांचं उपरणं

लोटन आबांना तोंडाने भाव सांगता येत नाही.

मुके नाहीत हो. सकाळी ओट्यावर बसून बोलायला लागले की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला पाय टेकून उभा राहतो. पण किमतीची गोष्ट निघाली की एकदम गप्प. खांद्यावरचं उपरणं काढतात, समोरच्याचा उजवा हात धरतात, दोघांच्या हातांवर उपरणं पांघरतात आणि खाली बोटं दाबायला लागतात. मग सौदा बैलाचा असो, वांग्यांचा असो, नाहीतर दाढी करून घेण्याचा. लोणखेड्यातल्या न्हाव्याने एकदा माझ्यासमोर हात जोडले होते. म्हणाला, "मिस्तरी, तुमचा आबाले समजाडा. मन्हा हातमा वस्तरा ऱ्हास!"

आबांनी उभा जन्म बैलबाजारात दलाली केली. ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे भाव ओरडून ठरत नाही. विकणारा आणि दलाल यांचे हात उपरण्याखाली असतात. कुठलं बोट धरलं, कितीदा दाबलं, त्यावरून आकडा. वर तोंडाने दोघं पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात आणि खाली बैल विकला जातो. बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही. आता ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, आबांचं वय झालं, बाजार सुटला. बोटांची सवय मात्र सुटली नाही.

मी मूळचा उदगीरकडचा. शाळा आठवीत सोडली. वडील गेल्यावर घरी कुणीतरी कमवायला पाहिजे होतं, आणि गणितात मी असाही तरत नव्हतो. एका बोअरच्या गाडीवर हेल्पर म्हणून निघालो तो फिरत फिरत शहाद्याला पोचलो. इथे एका उस्तादांकडे पंपाच्या मोटारी भरायचं काम शिकलो. जळलेली कॉइल काढायची, नवी तार भरायची. उस्ताद म्हणाले, आता तुझं तू बघ. लोणखेड्याला रस्त्याला लागून आबांचं घर आहे, त्याची पुढची खोली रिकामी आहे असं कळलं. तिथे दुकान टाकावं म्हणून मी भाडं विचारायला गेलो. माझा स्वभाव आधीच घाबरट. फोन वाजला तरी माझ्या छातीत धस्स होतं, मग तो कंपनीवाल्यांचा का असेना.

आबा ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "खोली पाहिजे होती. भाडं किती?"

"हात दे."

मला वाटलं, नाडी बघतात. दिला. त्यांनी उपरणं टाकलं आणि माझी बोटं दाबली. माझा हात थरथरायला लागला. परक्या मुलखात परका म्हातारा आपला हात कापडाखाली धरून डोळे मिटून बसलाय, थरथरणार नाही तर काय! त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे रोखून बघितलं आणि एक बोट सोडलं. मी आणखी थरथरलो. त्यांनी आणखी एक सोडलं. असं बराच वेळ चाललं. शेवटी उपरणं झटकून म्हणाले, "जमनं! सामान लई ये."

काय जमलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. तो महिना मी कसा काढला माझं मला माहीत. भाडं काय ठरलंय कुणास ठाऊक, असा घोर घेऊन झोपायचो. महिना संपल्यावर होतं नव्हतं ते सगळं नेऊन आबांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी त्यातलं थोडं उचललं आणि बाकीचं माझ्याकडे सरकवलं.

"ठरनं तितलंच दे. भाव इसरी गया का?"

मग मी खरं सांगून टाकलं, की मला बोटांची भाषा येत नाही. आबा माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे? मी जवय जवय बोट दाबं, तवय तवय तू हात हालावा. म्हनीसन मी उतरत गयू! इतला वरीस बाजारमा काढात, पन तुन्हासारखं कडक गिऱ्हाईक माले भेटनं नही."

आणि पोट धरून हसले. भाडं मात्र वाढवलं नाही. म्हणाले, उपरण्याखाली झालं ते झालं.

मग आबांनी मला बोटांची भाषा शिकवली, आणि त्या दिवसापासून मी त्यांचा हक्काचा माणूस. भाजीवाल्या मथुराबाईंच्या बाबतीत तर फारच. बाईमाणसाचा हात धरणं आबांना शोभेना आणि तोंडाने भाव बोलणं तर त्याहून शोभेना. म्हणून मथुराबाईंची टोपली दारात आली की मला दुकानातून हाक. हातात पाना असायचा, तसाच जायचो. आबा उपरण्याखाली माझी बोटं दाबायचे आणि मी मथुराबाईंना मोठ्याने सांगायचो, "आबा म्हणतात वीस."

"वीस? हाई भरीतनं वांगं शे, रस्तावर पडेल नही! आबा, आते तोंडथून बोला ना! वांगाना सौदा शे का गोऱ्हाना?"

आबा आभाळाकडे बघत पुन्हा माझं बोट दाबायचे. मी म्हणायचो, "आबा म्हणतात बावीस."

एकदा मी धीर करून विचारलं, "आबा, मी ओरडून सांगतोच आहे, मग झाकलं काय?"

"तू बोलना. मी कोठे बोलनू?" आबा म्हणाले.

पुढे सगळीकडे ते फोनवरून पैसे देणं आलं. चौकातल्या चहावाल्याने एक छोटा डबा आणून ठेवला. कुणी पैसे दिले की तो डबा आकडा घडाघडा बोलतो. आबा पहिल्यांदा चहाला बसले आणि डबा ओरडला, अमुक रुपये मिळाले. आबा दचकले. दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा उठले, उपरणं काढलं आणि डब्यावर नीट पांघरून येऊन बसले. लहान लेकराला ऊन लागू नये म्हणून पांघरावं, तसं.

चहावाला म्हणाला, "आबा, काय करी ऱ्हायनात?"

"त्याले लाज नही, आपले ते शे ना?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र आबा वाटेत थांबले. म्हणाले, "मिस्तरी, तुले वाटस उपरनं पैसा झाकाले शे. पैसा कसाले झाकाना? पैसाले कोनी बाप नही. जो मानूस भर बाजारमा बैल इकस ना, त्याले गरज ऱ्हास. घरमा कोनी बिमार ऱ्हास, पोरनं लगीन ऱ्हास. तो कितलामा नमना हाई चार लोकेस्ले कसाले समजाले पाहिजे? उपरनं गरज झाकाले शे."

मी आठवी नापासाच्या काठावरचा माणूस. पण हे ऐकल्यापासून माझ्या दुकानात कुणी शेतकरी जळालेली मोटार घेऊन आला आणि पैसे नंतर देतो म्हणाला, की मी रेडिओचा आवाज वाढवतो. बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये.

निवडणुकीत एक उमेदवार आमच्या गल्लीत आले. मागे पोरं, पुढे फोन धरून व्हिडिओ काढणारा. उमेदवारांनी लांबूनच आबांना हात जोडले. आबा म्हणाले, "हात सोडी दे. इकडे दे एक."

उमेदवार खूश. व्हिडिओवाल्याला खूण केली, जवळ ये. आबांनी त्यांचा हात घेतला, उपरणं टाकलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. सगळी गल्ली श्वास रोखून उभी. व्हिडिओवाला तर गुडघ्यावर बसून उपरण्याचंच शूटिंग करत होता. थोड्या वेळाने आबांनी हात सोडला आणि म्हणाले, "जा बा, आगे जा."

"आबा, आशीर्वाद आहे ना?"

"दखसू."

ते गेल्यावर मी विचारलं, काय कळलं हातावरून? मला वाटलं, काहीतरी मोठं सांगतील. आबा म्हणाले, "हातमा काय समजस? हात मऊ शे, बस. पन मन्हा हात धरीसन तो पुढला घरना दारमा दखी ऱ्हायंता. बैलवाला बी अशे नही करत. जोपावत हात हातमा शे, तोपावत डोया बी अठेच पाहिजे."

तर असे आमचे आबा. आबांच्या पत्नी कौशाआजी जाऊन काही वर्षं झाली. मी त्यांना पाहिलेलं नाही, फोटो पाहिलाय. एकुलता एक मुलगा संजूभाऊ सुरतेला साड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. बायको, एक मुलगी, दोन खोल्यांचा फ्लॅट. संजूभाऊंचं म्हणणं एकच, की लोणखेड्याचं घर विकून टाकू आणि आबांनी सुरतेला यावं. त्यांचंही चुकत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला रात्रीबेरात्री काही झालं तर? आबा म्हणायचे, "तठे लोके लिफ्टमा एकमेकना तोंडकडे दखतस नही. मी कोनासंगे बोलसू?" पण शेवटी एका दिवाळीला कबूल झाले.

"इकू. पन सौदा मी करसू, आणि तू समोर बठशी तवयच करसू."

हे कळलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. घर गेलं की पुढची खोली गेली, खोली गेली की दुकान गेलं. लोणखेड्यात मला ओळखतात ते आबांच्या ओट्यामुळे. दुसरीकडे कोण मला हात थरथरण्याच्या भावात जागा देणार?

पहिलं गिऱ्हाईक शहाद्याचे एक मास्तर. संजूभाऊ सुरतेहून रेल्वेने नंदुरबार, तिथून बसने आले. आबांनी मास्तरांचा हात उपरण्याखाली घेतला. मी दुकानात मोटार उघडून बसलो होतो, पण सगळं लक्ष त्या उपरण्याकडे. आत काय चाललंय कळेना. तासाभराने आबा म्हणाले, "जमत नही." कारण काय, तर मास्तर दारातला निंब तोडणार म्हणाले. दुसरं गिऱ्हाईक बियाणंवाले. संजूभाऊ पुन्हा आले. सौदा मोडला, कारण बियाणंवाल्यांनी सौद्यात दोनदा फोन घेतला. तिसरे केळीचे व्यापारी. ते काहीही करायला तयार होते, निंबाला हात लावणार नव्हते, फोन त्यांनी गाडीत ठेवला होता. आबा म्हणाले, "यास्ना हात भलता गरम शे."

संजूभाऊ डोक्याला हात लावून बसले. माझे मात्र डोळे पाणावले. आबा माझ्यासाठी सौदे मोडतायत, हे न कळायला मी काय लहान होतो? दुसऱ्या दिवशी शहाद्याहून पेढे आणले, आबांच्या पुढे ठेवले आणि वाकून नमस्कार केला.

"कसाना पेढा?"

"आबा, तुमचे उपकार मी कधी..."

आबांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. मग एक पेढा तोंडात टाकला. "चांगला शे," म्हणाले.

त्यानंतर गिऱ्हाईक येणं बंद झालं. लोटन आबांचं घर म्हणजे नुसता चहा पिऊन परत यायचं घर, अशी बातमी थेट प्रकाशा गावापर्यंत गेली होती. हिवाळा गेला, उन्हाळा लागला. मी निर्धास्त झालो, आणि आबा बिघडले. ओट्यावर बसायचे, पण बोलेनात. सायकलवाले न थांबता जायला लागले. एक दिवस मथुराबाई रिकामी टोपली घेऊन माझ्या दुकानात शिरल्या. चेहरा उतरलेला.

"मिस्तरी, आबा बिमार शेत का?"

"का हो?"

"आज माले तोंडथून भाव इचारा. मी जो सांगा तो दी टाका. मी घाबरीसन वांगा जास्तीना टाकात."

मी आबांकडे गेलो. डॉक्टरकडे नेतो म्हटलं. आबा म्हणाले, "डाक्टर नको. तू एक काम कर. तू गिऱ्हाईक व्हय."

"कशाचं?"

"घरनं."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, आबा, माझ्याकडे घराचं दार विकत घेण्याइतकेही पैसे नाहीत. ते म्हणाले, पैसे कोण मागतंय. आणि माझ्यासमोर सुरतेला फोन लावला. "संजू, पक्कं गिऱ्हाईक शे. नाव? नाव आते सांगता येत नही. तू ये."

संजूभाऊ आले. ओट्यावर गिऱ्हाईक म्हणून मी बसलेला. धुतलेला शर्ट घातला होता, पण नखांत वंगण तसंच होतं.

"मिस्तरी? तुम्ही घेताय घर?"

"हो. म्हणजे, बघू. म्हणजे, जमलं तर."

संजूभाऊ माझ्याकडे, मग आबांकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "चांगलं शे की मग. मिस्तरी घरना मानूस. आबा, ते म्हनतीन त्या भावमा दी टाका."

भर दुपारी एका चांगल्या माणसाच्या चांगुलपणामुळे मी घराचा मालक होणार आणि जन्मभर तुरुंगात जाणार, असं मला स्पष्ट दिसायला लागलं.

"असं कसं?" आबा म्हणाले. "सौदा ते सौदासारखा व्हवाले पाहिजे." आणि उपरणं टाकलं.

आबांच्या सौद्याचा एक नियम आहे. हातावर उपरणं आहे तोवर साक्षीदाराने उठायचं नाही. संजूभाऊ साक्षीदार. ते समोर मांडी घालून बसले.

मी वाट बघत होतो, आता बोट दाबतील, मग दाबतील. आबांनी बोट दाबलंच नाही. नुसता माझा हात हातात धरून बसले. तळवा खरबरीत, जुन्या दोरखंडासारखा. घर सोडल्यापासून माझाही हात असा कुणी धरला नव्हता, त्यामुळे थोड्या वेळाने माझं थरथरणं थांबलं.

आणि वरती आबा बोलायला लागले. किती महिन्यांनी बोलत होते! संजूभाऊंना विचारलं, पोरीचे पुढचे दात आले का? कारखान्यातला तो साहेब अजून ओरडतो का? गुडघ्याला कोणतं तेल लावतोस? संजूभाऊ आधी हो-नाही करत होते, मग सविस्तर सांगायला लागले. साहेबाची नक्कल करून दाखवली. आबा इतके हसले की उपरणं सरकलं. त्यांनी ते घाईघाईने दुसऱ्या हाताने नीट केलं. चहा झाला. मथुराबाई येऊन गेल्या, ओट्यावरचा सौदा बघून चपापल्या आणि भाव न सांगताच वांगी ठेवून गेल्या. कौशाआजींचा विषय निघाला. त्या भरीत मिरच्यांत कसं कुटायच्या, त्यावरून बापलेकांचं भांडण झालं. उन्हं ओट्यावरून खाली उतरली.

संजूभाऊंनी दोनदा फोनमध्ये वेळ बघितली. नंदुरबारला सुरतेची गाडी धरून देणारी बस आमच्याच रस्त्याने जाते. लांबून तिचा हॉर्न ऐकू आला आणि उपरण्याखाली आबांची पकड एकदम घट्ट झाली. माझी बोटं दुखायला लागली. बस जवळ आली, थांब्यावर थांबली, निघाली, तिचा आवाज पुलापलीकडे गेला. मग पकड सैल झाली.

आबांनी उपरणं काढून खांद्यावर टाकलं. "जमत नही. मिस्तरीना भाव भलता कमी शे."

मी तोंड उघडलंही नव्हतं.

"आबा, गाडी गई," संजूभाऊ म्हणाले.

"गई का? अरे अरे." आबांनी रस्त्याकडे बघितलं. "मंग ऱ्हाय आजना दिन. वांगा उनेल शेतच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मास्तर, बियाणंवाले, केळीवाले, सगळे सौदे बस निघून गेल्यावरच मोडले होते. पेढे मी उगीचच आणले होते. पण वाईट वाटलं नाही.

सकाळी संजूभाऊ बस यायच्या आधी माझ्या दुकानात आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते स्टुलावर बसले, तारेचं एक तुटकं भेंडोळं उचलून बोटाला गुंडाळत राहिले.

"मिस्तरी, खरंच घर घ्यायचं होतं तुम्हाला?"

"नाही हो," मी म्हटलं. "आबा म्हणाले म्हणून."

"माले फोनवरच समजी गयं होतं. आबा गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाहीत, असं कधी झालंय का?" त्यांनी भेंडोळं खाली ठेवलं. "काय आहे, मला रिकामं येता येत नाही. आलो की ते विचारतात, काय काम काढं? मला काही सांगताच येत नाही. काम असलं की बरं पडतं."

लांबून बस दिसली. त्यांनी पिशवी उचलली. आबा आतून येतायत का बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पोळ्याच्या सुमाराला एखादं गिऱ्हाईक काढा ना. जरा वेळ लावणारं. जमलं तर या वेळेला पोरीलाही आणतो, तिला बैल बघायचेत."

बस गेली. आबा ओट्यावर आले, थोडा वेळ निंबाकडे बघत उभे राहिले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हने संजू?"

"म्हणाले, पोळ्याच्या सुमाराला गिऱ्हाईक बघा."

मी मोटारीत तार भरायला बसलो. एक वेढा भरून होत नाही तोच आवाज आला.

"मिस्तरी, पोळा कव्हय शे?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला उठलो, तर आबा चपला न काढताच माझ्यामागे दुकानात शिरले होते.